उचंत खातं

निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतले लोक एकतर टेकडी चढतात, नाहीतर हास्यक्लबात जातात. मी विमान पाडतो. रोज संध्याकाळी सहा ते सात. स्वयंपाकघरातून बायको विचारते, "अहो, पडलं का?" पडलं किंवा उतरलं म्हटलं की ती कुकर लावते. आमच्याकडच्या जेवणाची वेळ हल्ली अशी ठरते.

हे सगळं भाच्यानं केलं. गेल्या दिवाळीत आला आणि माझ्या जुन्या संगणकावर 'फ्लाइटगिअर' नावाचं प्रकरण चढवून गेला. म्हणाला, "मामा, विमान चालवायचं सोंग आहे, पण अगदी खरं सोंग." किंमत विचारली, तर फुकट. सहकारी बँकेत हिशेबनीस म्हणून 34 वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दाची धास्ती असते. मी विचारलं, "तारण काय?"

"काही नाही. उलट आतलं सगळं तुला उघडून वाचता येतं."

हे मात्र मला आवडलं. वह्या तपासायला खुल्या ठेवणारा माणूस मी आयुष्यात फारसा पाहिलेला नाही.

विकतच्या सोंगांना वैतागून डेव्हिड मर नावाच्या माणसानं एप्रिल 1996 मध्ये अमेरिकेत प्रस्ताव मांडला, की हौशी मंडळींनी मिळून आपलं आपण एक करावं. पुढं कर्ट ओल्सन यांनी धुरा घेतली आणि 1997 मध्ये फ्लाइटगिअरची पहिली आवृत्ती बाहेर पडली. परवाना असा, की कुणीही घ्या, बदला, वाटा, वाटल्यास विकाही. फक्त पुढच्याला तीच मोकळीक द्या. त्यामुळं काही चलाखांनी नाव बदलून ते खरंच विकलं. अन्नछत्रातली बुंदी पुड्यात बांधून दाराशी दुकान मांडावं, तसं. चोरी म्हणता येत नाही, आणि म्हणावंसं तर वाटतं.

आता विमानाचं. यात पहिल्यांदा जे हाती येतं ते सेसना 172पी, चार जणांचं, एका पंख्याचं. पहिल्या संध्याकाळी ते सुरूच झालं नाही. चाकांखालची अडणी काढायची, दोरखंड सोडायचे, टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का ते पाहायला थोडं पेट्रोल काढून निरखायचं, तेलाची पातळी बघायची. मला वाटलं, हे सगळं शोभेचं असेल. पण पाण्याचा निचरा केला नाही तर इंजिन खरंच खोकतं. तीन दिवस मी नुसतं विमान पुसत होतो म्हणा ना. चौथ्या दिवशी कळलं, की वरच्या यादीत 'आपोआप सुरू करा' अशी सोय आहे. भाच्यानं ती सांगितली नव्हती. "तुला शिस्त आवडते, म्हणून," असं त्याचं उत्तर.

सुरू झालं, पट्टीवर आणलं, पूर्ण जोर दिला, आणि विमान डावीकडं गवतात गेलं. पुन्हा आणलं, पुन्हा डावीकडं. मी सरळ भाच्याला फोन करून सांगितलं, की तुझ्या सोंगात चूक आहे. तो म्हणाला, "चूक नाही. पंखा फिरतो तो हवा पिळून मागं फेकतो, ती शेपटीला एका बाजूनं लागते. उजवा पाय दाबत राहा." माझ्याकडं पायानं दाबायचं काही नाही, कीबोर्डावरची दोन बटणं आहेत. तरी त्या दिवसापासून जोर देताना माझा उजवा पाय टेबलाखालच्या फरशीवर आपोआप दाबला जातो. त्याचा विमानाला उपयोग शून्य. मांजराला मात्र दोनदा झाला.

मग एका पावसाळी दुपारी मी आतलं उघडून पाहिलं. विमानाची एक साधी मजकुराची फाइल असते. आज्ञावलीची भाषा मला येत नाही. पण ही फाइल वाचता वाचता गळा दाटून आला, कारण ती चक्क खतावणी होती! पंखाचं क्षेत्रफळ 174 चौरस फूट. रिकामं वजन इतकं, ते अमुक ठिकाणी. वैमानिकाचं वजन वेगळ्या ओळीत, सामानाचं वेगळ्या. चाकांचं खातं, इंजिनाचं खातं. शेवटी लांबलचक तक्ते: नाक इतके अंश वर, तर उचल इतकी जमा, अडथळा इतका नावे. नाक आणखी वर केलं की जमा वाढत जाते, वाढत जाते, आणि एका ओळीनंतर एकदम घसरते. विमान का पडतं, ते मला त्या ओळीवर बोट ठेवून समजलं. कर्जावर धंदा वाढवणारे आमचे कित्येक खातेदार नेमके याच ओळीवर बसले होते.

या खतावणीचा हिशेब करणारी कारकुनी 'जेएसबीसिम' नावाच्या वेगळ्याच आज्ञावलीकडं आहे. जॉन एस. बर्न्ट यांनी ती सुरू केली आणि नावातली पहिली तीन अक्षरं त्यांचीच आद्याक्षरं. ती काय करते? सगळी बलं मांडते, बेरीज घेते, विमानाला तसं सरकवते, आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला 120 वेळा. आम्ही वर्षातून एकदा, 31 मार्चला, रात्री बारापर्यंत वडापाव खात ताळेबंद जुळवायचो आणि दोन पैशांच्या फरकासाठी एकमेकांची जुनी वैरं उकरून काढायचो. इथं सेकंदाला 120 ताळेबंद, आणि वडापाव नाही. याच जेएसबीसिमच्या हिशेबावर 2020 मध्ये अमेरिकेत एफ-16 च्या लुटुपुटूच्या हवाई लढाया झाल्या. त्यात यंत्रानं हाडाच्या लढाऊ वैमानिकाला 5-0 हरवलं. माझ्या संगणकात तेच जेएसबीसिम एका हिशेबनिसाला गवतातून बाहेर काढण्यात गुंतलंय.

पडद्यावर दिसणारं सगळं चितारायला आणखी एक आज्ञावली, 'ओपनसीनग्राफ'. आणि जमीन घडवायला 'टेरागिअर'. हिच्यावर माझा विशेष जीव. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एन्डेव्हर' यानानं 60 मीटरचा दांडा बाहेर काढून अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीचे उंचसखल भाग मोजले. ती मापं टेरागिअर घेते आणि त्यांचे त्रिकोण जुळवून डोंगर करते. माणसं विमानांसाठी येतात. जमीन कुणी केली, हे कुणी विचारत नाही. लग्नात मांडववाल्याला कोण विचारतं?

लोहगावहून उडून मी पहिल्यांदा सिंहगडाकडं वळलो तेव्हा हात थरथरले. गड होता! माथा होता, सोंड होती, पलीकडं सह्याद्रीच्या रांगा निळ्या होत गेल्या होत्या. मनोरा नाही, भजीवाली मावशी नाही, दह्याचं मडकं नाही. आणि कडा नाही. मापं साधारण दर 90 मीटरला एक, त्यामुळं दोन मापांमधला सरळसोट कातळ त्रिकोणात बसताना उतार होऊन गेला. घोरपडीची कथा इथं घडलीच नसती. मावळे गप्पा मारत वर गेले असते. मला चुटपुट लागली. इतक्या सज्जन माणसांच्या हिशेबात आमचा एक कडा बुडाला.

त्याच कड्याकडं बघत राहिलो आणि नाक जास्त वर गेलं. पंखातला इशाऱ्याचा भोंगा कण्हायला लागला. खाली गड, मी गडापेक्षा जेमतेम वर, वेग संपलेला. घाबरून विराम दिला. आणि मग माझ्याकडून ते झालं.

या सोंगात एक झाड आहे. फांद्या-फांद्यांवर प्रत्येक गोष्टीची नोंद: वेग, पेट्रोल, वारा, दिवे, सगळं. प्रत्येक नोंदीला खाते क्रमांकासारखा पत्ता. ते झाड उघडून हवी ती नोंद बदलता येते. तपासनिसांच्या सोयीसाठीच आहे ते. मी 'उंची' काढली. 4,400 च्या आसपास आकडा होता. तो खोडला आणि 6,000 लिहिले.

34 वर्षांत मी एक आकडा खोडला नव्हता. चुकलं तर वर रेघ, बाजूला सही, अशी आमची रीत. विराम काढला, तर खाली दीड हजार फूट कोरी हवा! विमान नाक टाकून सावरायला लागलं, अगदी निरागसपणे, जणू काही झालंच नाही. मला ते बघवेना. मी सगळं बंद करून टाकलं.

"पडलं का?"

"नाही."

"मग कुकर?"

मी उत्तर दिलं नाही. बायकोला वाटलं, तब्येत बरी नाही. त्या दिवशी मऊ भात झाला.

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून जुहू घेतलं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जिथं उतरले, ते जुहू. मी अहमदाबादहून निघालो, सगळं हातानं, आपोआपची सोय न वापरता. 'पेट्रोल आणि वजन' या चौकटीत स्वतःचं खरं वजनही लिहिलं, जे मी डॉक्टरांनाही सांगत नाही. वारा आणि ढग खऱ्या मुंबईचे, त्या घडीच्या हवामान नोंदीवरून आलेले. वसईच्या खाडीपर्यंत सगळं ठीक. मग समुद्राच्या बाजूनं वळून पट्टीकडं आलो, उजवा पाय फरशीवर घट्ट, आणि पट्टीच्या जरा अलीकडं पाण्यात.

"पडलं!" मी मोठ्यानं सांगितलं. आतून कुकरचं झाकण बसल्याचा आवाज आला.

मी एक वही घातली आहे. डावीकडं उड्डाणं, उजवीकडं उतरणी. काल महिनाअखेर, तेरीज काढली: उड्डाणं 41, उतरणी 38. फरक तीन. एक जुहूच्या समुद्रात, त्याची नोंद आहे. एक लोहगावच्या गवतात, तेही नोंदलंय. तिसरं अजून सिंहगडावर सहा हजार फुटांवर आहे, त्याला जमा धरता येत नाही आणि नावेही टाकता येत नाही. तूर्त ते उचंत खाती ठेवलंय.