पुरणाचा फ्रेंच पर्याय

लग्नाचा वाढदिवस आला की पुण्यात डेक्कनकडच्या मंडळींना हल्ली श्रीखंडाआधी प्रभात रोडवरचं फ्रेंच धाटणीचं रेस्तराँ ‘ल प्लेझीर’ आठवतं. युनेस्कोनं २०१० साली फ्रेंच भोजनपरंपरेला वारशाचा दर्जा दिला, तो जन्म, लग्न, वाढदिवस आप्तांसोबत जेवून साजरे करण्याच्या रिवाजाला. म्हणजे आपली पंगतच. फक्त तिला पॅरिसचं प्रमाणपत्र मिळालं. एकामागून एक पदार्थ येण्याची ऐटही तिथे एकोणिसाव्या शतकात रुजलेली, रशियन पद्धतीची. त्याआधी फ्रेंच मेजवानीतही कितीतरी पदार्थ एकदमच मांडत, आपल्या ताटासारखे. मग पंगत घरीच का मांडू नये? यावर कुणी विचारेल, घरी पुरण वाटणार कोण? आक्षेप बिनतोड आहे, कारण आजवर जिचा वाढदिवस तीच वाटत आली. तेव्हा फ्रेंचांकडे जाणंच न्याय्य. ‘एवढ्यात चार थाळ्या आल्या असत्या’ हे बिलावरचं भाष्य मात्र अस्सल मराठीतच होतं.