‘ओन्ली’ या क्रियाविशेषणास बीड जिल्ह्यातून अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान ओन्ली,
इंग्रजी भाषेतील क्रियाविशेषण,
मुक्काम : अक्षरी रकमेच्या शेवटी.

विषय : केज तालुक्यातील एक रुपयाबाबत.

महोदय,

क्रियेविषयी अधिक माहिती देणारा शब्द तो क्रियाविशेषण, अशी शालेय व्याकरणाची व्याख्या असली, तरी आपण क्रियापदापाशी टिकून राहिल्याचा पुरावा फारसा आढळत नाही. नाम, विशेषण, आकडा, दरवाजा, दुकानाची पाटी, जिथे जागा मिळेल तिथे आपण बसता. विमा कंपनीने शेतकऱ्याला एक रुपया दिला, एवढे साधे विधान इंग्रजीत करून त्यात आपणास क्रियापदाच्या आधी ठेवले, तर रुपया एक होता हे सांगायचे आहे, की तो शेतकऱ्यालाच मिळाला हे, की तो नुसता दिला, त्याची पोच घेतली नाही हे, याचा उलगडा बोलणाऱ्याच्या स्वरावरून करावा लागतो. मराठीत हे काम ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय, म्हणजे ज्या शब्दाला चिकटते त्याचे सामान्यरूप न करणारे अव्यय, एका अक्षरात उरकते : कंपनीनेच, शेतकऱ्यालाच, एकच, दिलाच. भारतीय इंग्रजीत ‘देअर ओन्ली’, ‘नाऊ ओन्ली’ असे जे कानी पडते, ते ‘तिथेच’, ‘आत्ताच’ यांच्याच वळणावर गेलेले असून, या देशात आल्यावर आपणास ज्या शब्दाविषयी बोलायचे त्याच्या पाठीशी उभे राहण्याची शिस्त लागली, हे त्यावरून दिसते. इंग्रजीचे शिक्षक त्या शिस्तीला चूक म्हणतात, हा भाग निराळा.

आपल्या इतर उद्योगांविषयी फारशी तक्रार नाही. ‘इफ’च्या मागे लागून आपण हळहळ व्यक्त करता आणि ‘टू’च्या आधी बसून मर्यादा घालण्याऐवजी ‘अतिशय’ असा अर्थ देता. दोन वाक्यांच्या मध्ये येऊन ‘पण’ असा अर्थ देण्याची सवय तर मराठीतील ‘मात्र’लाही आहे. नव्याण्णव रुपयांपुढे आपणास बसवणारे दुकानदार आणि ‘स्टाफ ओन्ली’ची दारे यांनाही या पत्रापुरते सोडून दिले आहे.

प्रश्न अक्षरी रकमेचा आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेश, हुंडी व वचनचिठ्ठी यांना लागू असलेल्या कायद्याच्या, अठराव्या कलमाप्रमाणे आकडा व अक्षर यांत तफावत पडल्यास अक्षरी रक्कम खरी धरली जाते. त्या अक्षरांपुढे कोणी ‘हजार’ किंवा ‘लाख’ वाढवू नये म्हणून तेथे आपला पहारा बसवण्याची वहिवाट पडली. पहारा चोख आहे, परंतु तो कशावर बसवला गेला हे २०१८ मध्ये केज तालुक्यात दिसले, जेव्हा सोयाबीनच्या पीक विम्यापोटी शेतकऱ्यांच्या नावे एक, दोन, पाच रुपये अशा रकमा आल्या. हिशेब नियमाने झाला होता. महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांतून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाहून, म्हणजे मागील वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या पातळीहून, जितके कमी, तितक्या प्रमाणात विमासंरक्षित रकमेतून भरपाई, असे ते सूत्र असून, एका शेतकऱ्याचे रान पूर्ण करपले तरी मंडळाची सरासरी केसभरच खाली आली असेल, तर त्याच्या वाट्याला चिल्लर येते. सोयाबीनचा हप्ता त्या काळी विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के होता, म्हणजे ४०,००० रुपयांच्या विम्यास ८०० रुपये, आणि पीककर्ज घेतलेल्यास विमा सक्तीचा असल्याने तो हप्ता कर्जखात्यातूनच वळता होत असे. हप्ता कापताना कोणी सरासरी काढली नाही. कापला, सरसकट कापला, आणि परत देताना एक रुपया! हा रुपया काढण्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडे कोणत्या सूत्रात बसते, हे त्या सूत्राच्या कर्त्यांनी एकदा शेताच्या बांधावर उभे राहून सांगावे, आणि सांगवत नसेल तर ‘संरक्षण’ हा शब्द तरी त्या कागदावरून खोडावा.

पुढे २०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारने शेतकऱ्याचा हप्ताच एक रुपयावर आणला, उरलेला भार स्वतः उचलला आणि बोगस अर्जांचा गदारोळ झाल्यावर २०२५ मध्ये ती सवलत बंद करून सोयाबीनसारख्या पिकांना पुन्हा २ टक्के लागू केले. विशेष हे की, आपली व्युत्पत्ती जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून झालेली असल्याने ‘एक रुपया ओन्ली’ हा मजकूर मुळात ‘एक’ दोनदा म्हणण्याचा प्रकार आहे. केजच्या शेजारच्या अंबाजोगाईस ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे, ब्रह्म एकच आहे हे त्या ग्रंथाला आपल्या मदतीवाचून मांडता आले होते.

यात आपला दोष किती, याचा विचार करता राग ओसरतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेला ऊसतोड मजूर ज्या फडात नेतील त्या फडात कोयता चालवतो, तसे आपणही, लिहिणारा जिथे बसवील तिथे बसता. रक्कम ठरवणाऱ्या टेबलापर्यंत आपणास कोणी नेलेले नाही. या जागी आपली नेमणूक लबाडीला आळा घालण्यासाठी झाली, आणि पहाऱ्यासाठी आपल्यापुढे ठेवले काय, तर चोरानेही सोडून द्यावे असे एक नाणे.

यास्तव विनंती इतकीच आहे की, जिल्ह्यातील कोणी खातेदार असा रुपया काढण्यासाठी बँकेच्या विड्रॉल स्लिपवर अक्षरी रक्कम लिहू लागेल, तेव्हा आपण तेथे येऊ नये. आपली उपस्थिती कायद्याने अनिवार्य नाही, ती केवळ वहिवाट आहे. ‘रुपये एक’ यापुढची जागा मोकळी सोडावी. तेथे काय लिहायचे ते केज तालुक्याला ठाऊक आहे.

आपले,
बीड जिल्ह्यातील विमाधारक खातेदार