काळा समुद्र आणि आमची कढई

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि, त्या फौजा राजधानी कीव्हपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, त्यांच्या आगमनाचा परिणाम आमच्या गल्लीतील वाण्याच्या फळीवर येऊन स्थिरावला. ओडेसा बंदर नकाशावर दाखविण्याचा प्रसंग त्या सद्गृहस्थांवर कधी आला नसावा; परंतु आपल्या देशात येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा हिस्सा तेव्हा युक्रेनमधून काळ्या समुद्राच्या वाटेने येत असे, हे व्यापारी सत्य त्यांस मुखोद्गत होते. पिशवीवर जानेवारीची तारीख छापलेली मी त्यांच्या निदर्शनास आणली, तेव्हा ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, “माल जुना आहे, साहेब, पण पुढचा भरायचा तो नव्या भावानंच ना?”

या युक्तिवादापुढे निरुत्तर होऊन मी घरी परतलो, आणि त्याच सायंकाळी सौभाग्यवतींनी हुकूम जारी केला: भजी बेमुदत तहकूब, पुऱ्या केवळ सणावारी आणि पापड भाजूनच. मातोश्रींनी मात्र या धोरणास हरकत घेतली. “अरे, आमची करडई सोलापुराकडनं यायची, तिला बोट लागत नव्हती!” ही स्वदेशी तजवीज मला तत्काळ मान्य झाली, पण दुकानी चौकशी करता असे आढळले की करडईनेही, सूर्यफुलाशी असलेली भाऊबंदकी ऐन वेळी स्मरून, आपला भाव वाढवून ठेवला होता. पुढे 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा फरसाणवालाही दुखवट्यात सामील झाला. आणि मे महिन्यात घरगुती गॅसच्या सिलिंडरने हजाराचा आकडा ओलांडल्यावर तळण आणि भाजणे यांतील आर्थिक भेदही संपुष्टात आला.

दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा तत्कालीन सरकारने 1943 पासून मध्यभागी भोक असलेला पैसा चलनात आणला होता. तो कारभार निदान सचोटीचा म्हणावा. गृहस्थाचे द्रव्य कोठून गळते, हे त्या नाण्याकडे पाहताच समजत असे.

असो. जुलैमध्ये केंद्र सरकारने तेल कंपन्यांना छापील किंमत उतरविण्यास फर्मावले आणि 22 तारखेस इस्तंबूल येथे युक्रेनचे धान्य काळ्या समुद्रातून सुखरूप जाऊ देण्याचा करारही झाला. त्या कराराचे वृत्त छापलेले वर्तमानपत्र काखोटीस मारून, एखाद्या विजयी वकिलाच्या ऐटीत, मी पुनश्च त्या फळीसमोर उभा राहिलो. “उतरेल की, साहेब,” वाणी म्हणाले, “पण हा जुना, चढ्या भावात घेतलेला माल आहे, तो आधी संपू द्या.”

तेव्हा भाव चढतो तो यावयाच्या मालासाठी आणि उतरत नाही तो आलेल्या मालासाठी, हा या व्यवहाराचा अलिखित कायदा होय; आणि तो कोणत्याही तहनाम्याने रद्द होत नाही. वाचकांस विनंती एवढीच की, वाणी युद्धाचा विषय काढील तेव्हा नकाशा उघडू नये. पिशवीवरील तारीख वाचावी, आणि ती मोठ्याने वाचावी.