फुलका घ्यावा की भाकरी?

काय दिवस आलेत बघा! चांगला शिकलासवरलेला भाचा, मँचेस्टरला नोकरी, घरात बायको-पोर, आणि व्हिडिओ कॉलवर मला फूटपट्टी दाखवतो. "मावशी, सहा इंची घेऊ की आठ इंची?" मला वाटलं तवा घेतोय. कसला तवा! बँजो युकुलेली!

तुमच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो आला असेल, तर तो आधी पुसून टाका. तो बटणं दाबून वाजवायचा, जपानी तैशोगोतोच्या गोतावळ्यातला, नावापुरता बँजो. हे कुळ निराळं. मान आणि चार तारा युकुलेलीच्या, पोट मात्र बँजोचं: गोल कडं आणि त्यावर ताणलेलं चामडं. १९२० च्या आसपास अमेरिकेत आणि इंग्लंडात याचं असं खूळ माजलं की आल्विन कीच नावाच्या गृहस्थाने 'बँजुलेली' हे नाव आपल्या मालावर मिरवलं.

मग व्हायचं ते झालं. लँकेशायरच्या जॉर्ज फॉर्म्बीने हे वाद्य छातीशी धरून खिडक्या पुसणाऱ्याचं गाणं म्हटलं, १९३६ साली. पुसता पुसता त्या मेल्याला आत काय काय दिसतं, ते सगळं गाण्यात! बीबीसीने कानांवर हात ठेवले आणि गाणं वाजवायचं बंद केलं. लोकांनी अर्थातच ते जास्त ऐकलं. शिवाय हा फॉर्म्बी वेगवेगळ्या सुरांत लावलेली वाद्यं बाळगायचा. पट्टी बदलायची झाली की सरळ वाद्यच बदलायचं. ही एवढीच गोष्ट आमच्या भाच्याने नेमकी लक्षात ठेवली आहे. "बघ, त्याच्याकडे किती होती!" भाचेसून तेव्हा नुसती चष्म्यावरून बघते.

खरी भांडणं आहेत ती भांड्यावरून. सहा इंच म्हणजे फुलका, आठ इंच म्हणजे भाकरी, आणि अकरा इंच म्हणजे पूर्ण वाढीच्या बँजोची परात. गिब्सन कंपनीने त्या काळी यूबी-१ ला सहा इंची तोंड दिलं, यूबी-२ ला आठ इंची, आणि तेव्हापासून घराघरात फूट. फुलकावाले म्हणतात, आमचा आवाज कसा टणटणीत, चटकन उठतो, चटकन मिटतो. भाकरीवाले म्हणतात, तुमचा तो बिस्किटांचा डबा; आमच्याकडे खालच्या सुरांना अंग आहे. दोघंही खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. आस कुणाच्याच आवाजाला फारशी नाही, पण ते कोण कबूल करणार?

आणि व्यासापायी हे लोक तारेची लांबी साफ विसरतात हो! सोप्रानोची मोकळी तार जेमतेम तेरा-चौदा इंचांची. तेवढ्यातच आठ इंची पोट बसवलंत, तर एक तर मान आखूड होते आणि वरच्या पडद्यांपाशी बोटांची दाटी, नाहीतर घोडी सरकत सरकत चामड्याच्या मधोमध. मग ठसका जातो आणि उरतं नुसतं ढब्ब. भाकरीच हवी असेल तर कॉन्सर्टची पंधरा इंची तार घ्यावी, असं माझं मत. मला यातलं एवढं कसं कळायला लागलं, ते विचारू नका. तीन महिने ऐकतेय.

शेवटी त्याने जुनं, खरं कातडं लावलेलं आठ इंचीच घेतलं. मँचेस्टरच्या पावसात कातडं! आपली ढोलकी श्रावणात उतरते तसं तेही रोज उतरतं. मग कॅमेरा जवळ नेऊन मला दाखवतो: कड्याभोवती हूक, हातात चिमुकली चावी. एक हूक अर्धा फेरा पिळायचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग प्रत्येकापाशी बोटाने टिचकी मारून कान लावायचा. तबलजी गठ्ठे ठोकतो तेव्हा निदान त्यापुढे मैफल तरी असते.

याच वाद्यापायी जीव्ह्जने नोकरी सोडली होती! पी. जी. वुडहाऊसच्या १९३४ सालच्या 'थँक यू, जीव्ह्ज' या कादंबरीत. बर्टी वूस्टरला हे वाद्य चावलं, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, म्हणून तो खेड्यातल्या कॉटेजमध्ये राहायला निघाला. आणि मालकाची सगळी थेरं निभावून नेणारा जीव्ह्ज म्हणाला, एवढ्याशा घरात हे माझ्याच्याने होणार नाही. पुढे कॉटेजला आग लागली, वाद्य जळलं, तेव्हा कुठे स्वारी परत आली. हुशार माणूस. त्याने माप काढलं ते घराचं.

मीही भाच्याला हेच म्हटलं होतं. बाबा रे, भिंती केवढ्या, खोली केवढी, पलीकडे कोण राहतं, ते आधी मोजा. त्याने ऐकलं नाही. आठ इंचीचा आवाज भिंतीपलीकडच्या आजीबाईंपर्यंत पोचला, त्या दारात येऊन अगदी गोड हसून गेल्या, आणि इंग्लंडात हसणं फार गंभीर असतं म्हणे. परवा त्याने वाद्य उलटं करून दाखवलं. चामड्याच्या मागे, दांडीत अडकवून, राखाडी रंगाचा मोजा कोंबलेला. "आता कसा वाजतो ऐक." ऐकला. थेट सहा इंचीसारखा.

मोजा लोकरीचा बरा की सुती, यावर आता चर्चा चालू आहे.