अंगण खरंच वाकडं

सायबेरियात यमालच्या साबेत्ता बंदरातून डिसेंबर 2017 पासून द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांत भरला जातोय. प्रकल्प उभा आहे बारमाही गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर. ती वितळू नये म्हणून खाली नळ्या पुरून उष्णता बाहेर खेचतात. जग तापवणारं इंधन विकायचं, म्हणून पायाखाली गारवा राखायचा! समुद्रावरचा बर्फ वितळला की मात्र पेढे वाटा, आशियाचा रस्ता जवळचा झाला.

तशाच गोठलेल्या जमिनीवर, 2020 साली सायबेरियातल्याच नोरिल्स्कला एका कंपनीच्या इंधनटाकीचा पाया खचला. सुमारे 20 हजार टन डिझेल नदीत-मातीत गेलं, अंबारनाया नदी लाल झाली. कंपनीने बोट दाखवलं वितळत्या जमिनीकडे. नाचता येईना, अंगण वाकडं. ते वाकवलं कुणी, हे विचारू नये. कोर्टाने 14,600 कोटी रूबलांहून जास्त भरपाई ठोठावली, ती तेवढी अंगणाच्या खात्यावर टाकता आली नाही.