घरशाळेच्या आई

आमच्या सोसायटीत ‘मुलगी कुठल्या शाळेत?’ हा प्रश्न एका घरी विचारायचा नसतो. विचारलात, तर उत्तर १८३५च्या मेकॉलेपासून निघतं, १९३७ साली वर्ध्याला नई तालीमपाशी जरा दम खातं आणि मुक्त विद्यालयाच्या दहावीपर्यंत पोचेतो तुमच्या चहावर साय धरलेली असते. उत्तर देणाऱ्या बाई म्हणजे आमच्या घरशाळेच्या आई. अंगात हातमागाचा कुर्ता, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि बोटांवर वाळलेल्या डिंकाची सालं. पूर्वी हिंजवडीत त्या चाळीसेक माणसांची टीम सांभाळत. आता एकच मुलगी सांभाळतात, पण सकाळची स्टेटस मीटिंग काही सुटलेली नाही. ‘आमच्याकडे वेळापत्रक नसतं,’ असं त्या फ्रिजवरच्या वेळापत्रकाला पाठ टेकून सांगतात.

घरशाळेत सध्या ‘पारंपरिक कागदकाम’ चालू आहे. त्या घरात कागदाला नुसता कागद म्हणून राहण्याची मुभा नाही. घडी घातली की भूमिती, फाडला की अपूर्णांक, भिजला की पर्यावरण. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक १८९३ साली लिहिलं आणि फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली, हे आता आमच्या वॉचमनलाही तोंडपाठ आहे. कारण लिफ्ट बंद होती आणि बाई खाली थांबल्या होत्या.

मुलगी नऊ वर्षांची, आणि आईला पुरून उरणारी. शिवाजीनगरला १९४० पासून चालत आलेली हातकागदाची संस्था आहे, तिथे तिला नेलं. सुती चिंध्यांचा लगदा होतो, लगद्याचा कागद होतो, हे तिने डोळे मोठे करून पाहिलं आणि विचारलं, ‘बाबांचे बनियन दिले तर किती वह्या येतील?’ आईंनी तत्काळ ‘जिज्ञासा: उत्तम’ अशी नोंद केली. त्या रात्री बाबांनी कपाटाला कुलूप लावलं.

दिवाळीला कंदील विकत आणायचा नाही, हे ओघानेच आलं. बुरूड आळीतून बांबू आला, त्याच्या कामट्या निघाल्या, पतंगी कागद आला. साधाच कंदील: सहा चौकोन. चार टोकावर उभे, एक वर, एक खाली, आणि कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधायचा. कामट्या चोवीस.

‘आणि बघ, मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात!’

‘म्हणजे फुकट?’

‘अगदी फुकट.’

फुकट म्हटल्यावर पोरगी खुलली. पण सांगाडा हातात धरला की हा कोपरा इकडे, तो तिकडे. दुसऱ्या कुणी दोन शिव्या घालून पटापट कागद ताणून चिकटवला असता. कागद ताणून बसल्यावरच तो सांगाडा ताठ होतो. आईंनी मात्र तिथेच वर्ग भरवला. चौकोन का डुगडुगतो? त्रिकोण का हलत नाही? रेल्वेच्या पुलात तिरप्या कांबी कशासाठी? पूल बांधून होईपर्यंत भाऊबीज उरकली.

कागद चिकटवायला खळ हवी. आजींनी मैद्याची खळ शिजवली आणि सवयीने म्हणाल्या, ‘चिमूटभर मोरचूद टाक गं, झुरळं लागत नाहीत.’

‘आई, मोरचूद विषारी असतं! घरात मूल आहे.’

मोरचूद गेलं. कंदील संपूर्ण सेंद्रिय झाला, आणि तुळशीच्या लग्नाच्या आत झुरळांनी तो सेंद्रिय म्हणूनच खाल्ला. घरशाळेच्या वहीत त्या दिवशी ‘अन्नसाखळी’ लिहिलेलं आहे.

या बाईंची हबेलंडी उडालेली मी एकदाच पाहिली, यंदाच्या जूनमध्ये. पार्किंगमध्ये पाणी तुंबलं होतं आणि शाळेची बस नुकतीच पोरांना ओतून गेली होती. चौथीतल्या एकाने वहीचं मधलं पान टरकन फाडलं, अर्ध्यावर दुमडलं, दोन कोपरे खाली आणून टोपी केली, टोपी उघडून चौकोन केला, पुन्हा दुमडलं आणि दोन कान धरून ओढले. होडी! तेवढ्यात दुसऱ्याची शिडाची होडी पाण्यात गेलीसुद्धा. घरशाळेतली मुलगी पायरीवरून पाहत राहिली. होडीचा पाठ तिला दोन आठवडे चालला होता, पण आर्किमिडीज मधे आल्यामुळे गाडी टोपीपुढे सरकली नव्हती.

आईंनी त्या पोराला गाठलं. ‘छान! हे कोणी शिकवलं तुला?’

‘कोणी नाही.’

‘कधी शिकलास मग?’

‘भूगोलाच्या तासाला. शेवटच्या बाकावर.’

‘बाई काही म्हणाल्या नाहीत?’

‘त्यांचं तोंड फळ्याकडे होतं ना, काकू!’

होडी, विमान, भिरभिरं, राजा-मंत्री-चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या. महाराष्ट्रातलं निम्मं कागदकाम शिक्षकांच्या पाठीमागे शिकलं गेलंय. त्याला ना अभ्यासक्रम, ना साहित्याची यादी. पकडले गेलो तर ओणवं उभं राहणं, एवढीच काय ती फी. आईंच्या घरात फळा होता, कागद होता, सुंदर राव होते. पाठ फिरवणारं तेवढं कुणी नव्हतं.

पण माघार घेतील तर त्या घरशाळेच्या आई कसल्या! आठवडाभरात फ्रिजवर नवी ओळ आली: ‘गुरुवार, ४ ते ५: शेवटचा बाक.’ जुन्या बाजारातून खराखुरा बाक आणलाय. मुलगी त्यावर बसते, आई फळ्याकडे तोंड करून भूगोल शिकवतात आणि दर दोन मिनिटांनी वळून विचारतात, ‘काय गं, माझं लक्ष नसताना काही शिकलीस का?’