तेव्हाकाका

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. आमच्याकडे त्यांना तेव्हाकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. बदलापूर पश्चिमेत कुठेही उभे राहा आणि खड्डा, डास, रिक्षाचं भाडं, कशाबद्दलही ब्र काढा. मागून आवाज येतोच, "आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं."

काका आले 1988 साली. हे दूधवाल्याला ठाऊक आहे, कुरिअरवाल्याला ठाऊक आहे आणि मोबाइलवरून कर्ज विकणाऱ्या एका मुलीलाही ठाऊक आहे. तिने बिचारीने घरबांधणीसाठी कर्ज हवंय का, एवढंच विचारलं होतं.

जे 'काही नव्हतं' त्याची यादी मोठी आहे. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, रात्री-अपरात्री दार उघडेल असा डॉक्टर नव्हता. एवढंच काय, स्वतःची नगरपरिषदही नव्हती, कारभार कल्याणच्या महापालिकेतून चालायचा. होता तो फक्त कोल्हा. संध्याकाळी सातनंतर तो स्टेशनच्या रस्त्यावर ओरडायचा. मी राहायला आलो त्या वर्षी कोल्हा एकच होता. पुढच्या गणपतीपर्यंत त्याची जोडी झाली, मग कळप झाला आणि गेल्या कोजागरीला मसाला दूध पिता पिता काकांनी त्यात एक बिबट्या सोडला. "अजून दोन वर्षं कळ काढा, वाघ येईल," असं आमचे सेक्रेटरी म्हणतात.

एकदा मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टमध्ये अडकलो. आत अंधार, वहिनींच्या हातात इडलीचं पीठ. बाहेर काका. आम्हाला वाटलं, वॉचमनला हाक मारतील. दाराच्या फटीतून शांत आवाज आला, "आम्ही आलो तेव्हा लिफ्टच नव्हती. त्यामुळे कोणी अडकायचं नाही." वॉचमन आला तोवर काकांचा कोल्हा ओरडून झाला होता आणि पीठ फुगायला लागलं होतं.

गाडीचा विषय तर काढूच नये. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आपण धावत शिरावं, तर अंबरनाथहून उलटे आलेले लोक आधीच खिडक्या धरून बसलेले. त्यावरून रोज एक भांडण ठरलेलं. भांडण रंगात आलं की चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले काका सांगतात, "आम्ही आलो तेव्हा खिडकीत बसून झोपत व्हीटीला जायचो." पुढे जनगणना. 2001 साली गाव लाखाच्या आतबाहेर, 2011 साली पावणेदोन लाखांच्या घरात. हे आकडे ते अशा नजरेने सांगतात, की मधले पाऊण लाख आपणच डब्यात भरून आणले असं वाटावं. काका कधीचे निवृत्त झालेत. महिन्यातून एकदा मुंबईला जायचं असतं, पण जातात ऐन गर्दीच्या वेळी. श्रोते तेव्हाच असतात ना!

काकांना निरुत्तर केलेलं मी एकदाच पाहिलं. स्टेशनबाहेर एक आगरी आजी जांभळं घेऊन बसते. भाव ऐकून काकांनी सुरुवात केली, "आजी, आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं, जांभळं फुकट..."

आजीने पान बांधता बांधता वर पाहिलं. "काय नव्हता कसा? आमचा शेत होता ना तिथं!"

काका चक्क पैसे देऊन घरी आले. दोन दिवस इमारतीत शांतता होती. तिसऱ्या दिवशी सुधारित आवृत्ती निघाली : "आम्ही आलो तेव्हा इथे शेत होतं. बाकी काही नव्हतं."

खरं तर काकांना आपण होऊन कुठे यायचं होतं? लालबागच्या चाळीत एका खोलीत सात माणसं. वडील गिरणीत. 1982च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि खोली त्याला ठेवून काका-काकू इथे आले. साठेक किलोमीटर लांब. "रडू आलं नाही का हो?" असं मी एकदा काकूंना विचारलं. "आलं ना. पण आमच्या घरात आमचा संडास होता, मग थांबलं," काकू म्हणाल्या.

आता काकांच्या एका लाल रेघेबद्दल. आमच्या पार्किंगमध्ये मीटरच्या पेट्यांशेजारच्या खांबावर ऑइलपेंटने एक आडवी रेघ ओढलेली आहे आणि खाली लिहिलंय, '26-7-2005'. उल्हास नदीचं पाणी त्या दिवशी तिथवर आलं होतं. मूळ खूण काकांच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात होती. ती इमारत पाडायची ठरली, तेव्हा काकांनी मिस्त्रीकडून लेव्हलची पाण्याची नळी मागून आणली आणि खूण समोरच्या देवळाच्या भिंतीवर उतरवून ठेवली. रस्त्यापासून मोजलं नाही, कारण रस्ता दर निवडणुकीला डांबराच्या थराने वर चढतो. नवी इमारत उभी राहिल्यावर तीच नळी, तेच देऊळ आणि रेघ खांबावर. रंगारी दरवेळी ती पुसतात, काका दरवेळी ओढतात.

सरकारी नकाशांतही निळी आणि लाल पूररेषा असते. पण नकाशा बघून फ्लॅट घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. नदीकाठी नवा टॉवर उठतोय, तिथल्या विक्री कार्यालयात जाऊन काका गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आम्ही आलो तेव्हा इथे पाणी होतं." विक्रीवाला पोरगा खूश झाला. "बरोबर काका! रिव्हर टचच आहे प्रॉपर्टी!"

2019च्या जुलैत, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली त्या रात्री, काकांनी आमच्या सगळ्या बेल वाजवल्या. "गाड्या वर काढा." काहींनी काढल्या, काहींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आणि बोटी साऱ्या देशाने पाहिल्या. आम्ही बाल्कनीतून आमच्या पार्किंगमधल्या छपरं बुडालेल्या गाड्या पाहत होतो. काका म्हणाले, "हे काहीच नाही. 2005ला जास्त होतं."

आता कोणी ओळखीचं इथे घर बघायला आलं, की मी त्याला आधी काकांकडे पाठवतो. सांगतो, तासभर बस. कोल्हे ऐक, बिबट्या ऐक, वाघ आला तर त्यालाही नमस्कार कर. मग हळूच विचार, पाणी कुठवर आलं होतं? कारण त्या रेघेत काकांनी आजवर एक इंचही वाढवलेला नाही.